लिटरला नऊ पूर्णांक दोन

काचवाल्यांनी तीस वर्षांच्या धंद्यात एकच काच फोडली, तीही गाडी उभी असताना, शिंक आली म्हणून. हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. सांगायच्या वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आणि सांगताना त्या शिंकेची हुबेहूब नक्कल करायच्या. काचवाले शेजारी उभे राहून मिशीत हसायचे. त्या संसारात कामाची वाटणी ठरलेली होती. बोलायचं वहिनींनी, मान डोलवायची काचवाल्यांनी.

माझं गॅरेज त्यांच्या घरापासून चौथं. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या दुरुस्त करायला आता माझ्यासारखे उरलेसुरले मिस्त्रीच लागतात, म्हणून त्यांची पेट्रोलवरची पिकअप वीस वर्षं माझ्याच हाताखाली होती. मागच्या हौद्यात लोखंडी अँगलचा एक तिरका सांगाडा जोडलेला होता. त्याच्या दोन्ही अंगांना काचा टेकवून, मध्ये जुनी घोंगडी घालून ते दुकानांना, नव्या इमारतींना काचा पोचवायचे आणि बसवूनही द्यायचे. भरलेली गाडी ते अशी चालवायचे की मागे तान्हं मूल निजलंय असं वाटावं. रिकामी गाडी मात्र उधळलेल्या बैलासारखी सुटायची. ॲव्हरेज किती देते हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

मग वहिनींच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिसचं मशीन असलेला दवाखाना सेहेचाळीस किलोमीटरवरच्या शहरात होता. आठवड्यातून दोनदा जायचं, चार तास मशीनवर, आणि परत. आणि त्याच वर्षी पेट्रोल कुपनावर आलं. कुठे काय बिनसलं होतं ते पेपरात रोज यायचं. आम्हाला कळायचं ते एवढंच की एका गाडीला आठवड्याला वीस लिटर, त्यावर थेंब नाही.

एका सकाळी मी शटर वर करतोय तोच काचवाले आले.

"मिस्त्री, ही लिटरला किती देते?"

"सहा. फार लाड केले तर साडेसहा."

"मला नऊ पूर्णांक दोन पाहिजे."

मी हसलो. "नऊ समजलं. वरचे दोन कोणाला वाढायचे?"

त्यांनी काचेवर खुणा करायची मेणाची पेन्सिल खिशातून काढली आणि माझ्याच खिडकीवर लिहिलं. जाऊन-येऊन ब्याण्णव. दोन फेऱ्या, एकशे चौऱ्याऐंशी. खाली वीस. माझं हसू जागच्या जागी विरलं.

बसचं विचारलं, तर ती सकाळी सातला जायची आणि दुपारी एकला परत फिरायची. वहिनींची पाळी अकरा ते तीन. म्हणजे बसने पोचता यायचं, परतता यायचं नाही. गल्लीतल्या लोकांनी पहिले दोन आठवडे आपापल्या टाकीतून एकेक लिटर काढून दिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात लोक त्यांना बघून रस्ता बदलायला लागले. त्यांचाही दोष नव्हता, प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी होतंच. माझ्याकडे तर सायकल. सायकलीला कुपन कुठलं मिळायला?

"मग तिकडेच एखादी खोली का नाही बघत?" मी म्हटलं. "हे सगळं सरेपर्यंत."

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "गाडीचं बोला, मिस्त्री."

मी गाडीचं बोललो. आधी खरं ॲव्हरेज काढलं. टाकीची नळी सोडवायची, एक लिटर पेट्रोल भरलेली बाटली बॉनेटखाली टांगायची, तिची नळी कार्बोरेटरला जोडायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. गाडी सहा किलोमीटर चारशे मीटरवर बंद पडली. मग मी एकेक भोक बुजवत गेलो. एअर फिल्टर इतका तुंबलेला की झटकला तर अर्धी गल्ली शिंकली. चोकची पाकळी पूर्ण उघडतच नव्हती. इंजिन गरम झालं तरी गाडी आपली थंडीतल्यासारखी पेट्रोल पीत होती. फ्लोटची सुई झिजलेली, कार्बोरेटर वरून वाहायचा. प्लग काजळासारखे काळे. पॉइंटची फट वाढलेली, टायमिंग मागे पडलेलं. मागचं डावं चाक हाताने फिरवलं तर फिरेना. ब्रेक चिकटला होता. म्हणजे हा माणूस कित्येक महिने ब्रेक दाबूनच गाडी हाकत होता. ते सोडवलं, टायरमध्ये हवा नीट भरली, आणि बाटली पुन्हा टांगली. सात पूर्णांक नऊ.

"अजून एक पूर्णांक तीन," काचवाले म्हणाले.

मग जेटकडे वळलो. जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं बारकं पितळी नळकांडं. त्याच्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. कोण्या जुन्या शहाण्याने ताकद वाढावी म्हणून ते भोक मोठं करून ठेवलं होतं. नवं जेट मिळेना. मी भोक डाग देऊन बुजवलं आणि सर्वांत बारीक ड्रिलने पुन्हा पाडलं. आठ पूर्णांक चार. तिथे माझी अक्कल संपली.

काचवाले गाडीभोवती एक फेरी मारून हौद्यापाशी थांबले. "ह्याचं वजन किती असेल?"

त्या सांगाड्याचं. मी म्हटलं, "शंभरच्या वर. शिवाय वारा अडवतो तो वेगळा. पण काचवाले, तो काढला तर काचा कशात नेणार?"

"काचा थांबतील."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने तो कापला. वहिनी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, सुजलेले पाय स्टुलावर. काचवाल्यांचा चेहरा बघून म्हणाल्या, "अहो, तोंड सरळ करा की. लोखंड कापताय, नाक नव्हे." काचवाले हसले नाहीत. सांगाडा खाली पडला तसा त्यांनी भिंतीला नीट टेकवून ठेवला, त्यावर काच असल्यासारखा. त्यानंतर ते सायकलवरून फुटक्या खिडक्यांची किरकोळ कामं करायचे.

उरलेलं ॲव्हरेज वहिनींनी काढलं. गाडीत बसल्या की त्या हात काचवाल्यांच्या गुडघ्यावर ठेवायच्या. पाय ॲक्सिलरेटरवर जरा जास्त दाबला गेला की गुडघा हलायचा, आणि गुडघा हलला की चिमटा. "भाऊजी, यांच्या मांडीवर निळे डाग पडलेत," त्या मला सांगायच्या, "पण चाळीसच्या वर काटा गेला असेल तर शपथ." पुढच्या आठवड्यात ॲव्हरेज नऊ पूर्णांक तीन आलं. काचवाल्यांनी गॅरेजमध्ये येऊन फक्त बोटं दाखवली, आधी नऊ, मग तीन, आणि निघून गेले. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दीड महिना असा बरा गेला. चाळीसच्या वेगाने जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. वहिनी म्हणायच्या की लग्नानंतर नवरा इतका वेळ एका जागी सापडला नव्हता. जाताना त्या बोलायच्या. येताना अंगात त्राण नसायचं, तेव्हा म्हणे काचवाले बोलायचे. काय बोलायचे हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एकदा इंजिनाचा आवाज चढावर कसा येतो ते ऐकायला मी त्यांच्याबरोबर गेलो. मागे हौद्यात बसलो. वहिनी खिडकीतून ओरडल्या, "भाऊजी, तुमचं वजन कुपनात धरलेलं नाही. एक पाय खाली सोडा आणि ढकलत चला!"

दवाखान्यापाशी काचवाल्यांनी गाडी कुंपणाबाहेरच्या झाडाखाली लावली. आतून एक मावशी चाकाची खुर्ची घेऊन आली आणि वहिनींना घेऊन गेली. काचवाले जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की वहिनींची शाल सीटवरच राहिलीय. मशीनवर असताना त्यांना हुडहुडी भरायची. मी म्हटलं, "देऊन या." ते म्हणाले, "तुम्हीच जा."

वर गेलो. वहिनींच्या खाटेशेजारी त्यांची लेक बसली होती, त्यांचे पाय चोळत. शाळेत असताना ती माझ्याकडे सायकलीत हवा भरायला यायची, नंतर लग्न होऊन गेली. आठ वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. तिचं डावं मनगट जरासं वाकडं बसलं होतं.

"काका, बाबा खाली आहेत?"

"आहेत."

"खायला काही आणलंय त्यांनी?"

मला ठाऊक नव्हतं. तिने पिशवीतून डबा काढला. "तुमचा म्हणून द्या."

मी डबा खाली नेला, माझा म्हणून दिला. काचवाल्यांनी झाकण उघडलं, बराच वेळ आत बघितलं, मग शेवटच्या घासापर्यंत जेवले. नळावर जाऊन डबा घासला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "ज्याचा आहे त्याला परत द्या."

त्या दुपारी झाडाखाली त्यांनी मला सांगितलं. आठ वर्षांपूर्वी लेक सासरहून पिशवी घेऊन आली होती. नवरा मारतो म्हणाली. काचवाल्यांना वाटलं, भांडण कुठल्या घरात होत नाही. दोन दिवस राहील, राग शांत होईल. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिला पिकअपमध्ये बसवलं आणि सासरी सोडून आले. ती वाटेत एक शब्द बोलली नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "बाबा, थोडा वेळ थांबाल?" त्यांना दोन काचा पोचवायच्या होत्या. ते थांबले नाहीत. सहा महिन्यांनी तिचं मनगट मोडलं, आणि ती तिथून निघाली ती या शहरात एकटी आली. कपडे शिवायच्या कारखान्यात लागली. घरी आली नाही. यांनीही बोलावलं नाही.

"तुम्ही चिडला होता तिच्यावर?"

"नाही हो. चिडायला तिने काय केलं होतं?"

"मग वर जा की. वीस पायऱ्या आहेत."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

एवढे दिवस मी ज्याला पेट्रोलचं गणित समजत होतो, ते काय होतं ते मला तेव्हा उमगलं. लेकीचं घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर होतं. वहिनींनी तिथे राहावं, असं लेक पहिल्या दिवसापासून म्हणत होती. मी पुढे एकदा वहिनींनाच विचारलं, तुम्ही का जात नाही? त्यांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी तिकडे राहिले की हे इकडे एकटे," त्या म्हणाल्या. "मग कधीच यायचे नाहीत. मी ये-जा करते तोवर आठवड्यातून दोनदा त्यांना तिच्या गावात यावं तरी लागतं. आज झाडापर्यंत येतात. उद्या पायरीपर्यंत येतील. तुम्ही आपली गाडी चालू ठेवा, भाऊजी."

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, दोनदा पुरत नाही. छातीत पाणी साठतंय. तीनदा यावं लागेल.

काचवाले गॅरेजमध्ये आले. मी आकडा मनात केला होताच. तीन फेऱ्या म्हणजे दोनशे शहात्तर किलोमीटर. तेरा पूर्णांक आठ.

"होणार नाही," मी म्हटलं. "ही पिकअप आहे. हिच्या जन्मात हिने दहाच्या वर दिलेलं नाही. वहिनींना लेकीकडे ठेवा. हात जोडतो."

"जेट अजून बारीक करा."

"इंजिन तापेल. पेट्रोल कमी, हवा जास्त झाली की आतली आग वाढते. व्हॉल्व्ह जळतो."

ते परत गेले. दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशी आले. नुसते बाकावर बसून राहायचे. चौथ्या दिवशी मी जेट काढलं, पुन्हा डाग दिला आणि पुन्हा भोक पाडलं, आधीपेक्षा बारीक. मला नको म्हणता यायला हवं होतं. वीस वर्षांचा धंदा, इंजिन काय सोसेल आणि काय नाही हे मला कळत होतं. पण त्यांच्याकडे बघवेना.

गाडी दहाच्या थोडी वर गेली. उताराला ते इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत न्यायचे, तेव्हा कुठे साडेअकरा पडायचे. एवढं करून दर दोन आठवड्यांत एक जास्तीची फेरी बसायला लागली. सायलेन्सरचा रंग बदलल्याचं मी पाहिलं होतं. बोललो नाही.

तिसऱ्या आठवड्यात, जाताना, एकतिसाव्या किलोमीटरला चढावर गाडीने फटाफट आवाज केले आणि ती थांबली. सकाळचे दहा. ऊन चढायला लागलेलं. वहिनींना धाप लागली होती. काचवाले रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. चार गाड्या वळसा घालून गेल्या, पाचवा भाजीचा ट्रक थांबला. केबिनमध्ये एकाच माणसाची जागा होती. दोघांनी मिळून वहिनींना उचलून बसवलं.

पुढचं मला काचवाल्यांनी सांगितलं, फार उशिराने. ट्रकवाल्याला ते म्हणाले, "दवाखान्यात सोडा. आणि तिथे विचारा, आज मशीन मिळत नसेल तर गिरणीमागची तिसरी गल्ली, अकरा नंबर, निळं दार."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला माहीत आहे की घर."

काचवाल्यांनी ट्रकचं दार लावलं.

गाडी ओढून आणायला संध्याकाळ झाली. मी हेड खोललं. एक व्हॉल्व्ह कडेने जळून तुटला होता, पिस्टनच्या माथ्यावर चरे. प्लग चुन्यासारखा पांढरा पडलेला. काचवाल्यांनी तो तळहातावर घेतला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या फोनवर वहिनींचा आवाज. "भाऊजी, मशीन आज मिळालं. मी लेकीकडे आहे. इथे तीनदा होईल म्हणे. त्यांना म्हणावं, सकाळच्या बसने या."

मी निरोप दिला. काचवाले म्हणाले, "गाडी झाली की येतो म्हणावं. तिला आणायला."

"गाडी कशाला पाहिजे? बस रोज जाते."

"गाडी झाली की."

भंगारातून व्हॉल्व्ह मिळवला. तो आपल्या जागेत घासून घासून बसवावा लागतो, खाली खरखरीत मसाला लावून, लाकडी दांडी दोन्ही तळव्यांत फिरवत. ते काम काचवाल्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. तीन दिवस ते सकाळपासून बसून दांडी फिरवत होते. माझ्या हिशेबाने काम दुसऱ्या दिवशीच झालं होतं. मी तसं म्हटलं, तर त्यांनी व्हॉल्व्ह उजेडात धरला आणि म्हणाले, "अजून जरा." वहिनींचा रोज फोन यायचा. रोज तोच निरोप, आणि रोज तेच उत्तर. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बरं. सावकाश या म्हणावं. चाळीसच्या वर नको."

पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला लेकीचा फोन आला. पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं होतं.

मी त्यांच्या घरी गेलो. ते उठून आंघोळ करून बसले होते, गॅरेजला यायच्या तयारीत. सांगितल्यावर ते उठले आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागले. हात स्वच्छच होते. धूत राहिले. शेवटी नळ मी बंद केला. आम्ही सातच्या बसने गेलो.

निळं दार उघडं होतं. काचवाले पायरीशी थांबले. आतून लेक आली, तिने त्यांना पाहिलं. त्यांना पुढे पाऊल टाकता येईना. ते तिथेच, पायरीवर, खाली बसले. ती त्यांच्या शेजारी बसली. ती म्हणाली, "आई रोज विचारायची, गाडी कुठवर आली." मग ती उठली, त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना आत नेलं.

तीन दिवसांनी ते परतले. मी गॅरेजमध्ये त्यांना गाठलं आणि जे बोलायला हवं होतं ते बोललो. "जेट मी बारीक केलं. मला माहीत होतं."

"मी सांगितलं म्हणून केलंत."

"तरी."

"मिस्त्री, गाडी बंद पडली म्हणून ती गेली नाही," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, तसंही फार दिवस नव्हते. पण पाच दिवस होते ना. पाच दिवस सकाळी सातला बस होती."

 मी पाना पुसून फळीवर ठेवला.

चार महिन्यांनी कुपनं बंद झाली. पंपावर हवं तेवढं पेट्रोल मिळायला लागलं. मी पिकअपचं हेड बसवलं, जेट पुन्हा मोठं केलं, गाडी पहिल्या किल्लीला लागली. काचवाल्यांनी ती एका विटा वाहणाऱ्या माणसाला देऊन टाकली. रविवारी ते लेकीकडे जायला लागले. सुरुवातीला जेवून लगेच निघायचे, मग दुपारी पडायला लागले, मग रात्रीचे राहायला लागले. लेक एकदा मला म्हणाली, "काका, बाबा इथे येतात आणि नुसते बसतात. मी शिवत असते, ते मशीनच्या सुईकडे बघत असतात. मागे एकदा म्हणाले, 'तू थांब म्हणाली होतीस.' मी म्हटलं, 'हो.' एवढंच झालं आमचं बोलणं."

"मग तू माफ केलंस त्यांना?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण रविवारी आले नाहीत तर मला करमत नाही."

गेल्या महिन्यात ती त्यांना कायमचं घेऊन गेली. त्यांना आता कमी दिसायला लागलंय. एक ट्रंक, एक वळकटी, एवढंच सामान. मी थांब्यापर्यंत सोडायला गेलो. वाट बघताना मी ट्रंकेवर बसलो. त्यांचं तोंड म्हणजे वहिनी, त्या असत्या तर माझीही फिरकी घेतली असती. बसमध्ये चढल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं.

"या कधीतरी, मिस्त्री."

येतो म्हणालो. अजून गेलेलो नाही. जायला हवं.